खाऱ्या पाण्यातला दिवा

लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला मुक्कामी गेलो, तेव्हा मी अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. आपण फार सोपं करून शिकवतो, असा माझा समज होता. विद्यार्थ्यांचा नव्हता.

सासुरवाडी मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यात, शेतकऱ्याचं घर. दुपारी ओसरीवर बसल्यावर सासऱ्यांनी सहज विचारलं, "जावईबापू, कॉलेजात काय शिकोता तुमी?"

"आयन," मी म्हणालो. तिथंच थांबायला हवं होतं. पण मी बॅगेतून बॅटरी, वायरी आणि छोटा एलईडी काढला. प्रयोगाचं सामान घेऊन सासुरवाडीला जाणारा बहुधा मी एकटाच जावई असेन.

"साध्या पाण्यात दिवा लागत नाही, मीठ टाकलं की लागतो," असं बजावून मी पाण्याच्या ग्लासात वायरी सोडल्या. दिवा लगेच लागला.

"मीठ तं टाकलंच नाही," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

गाव खारपाण पट्ट्यातलं. विहिरीचं पाणी मुळातच खारट, हे सकाळच्या आंघोळीत जिभेला कळलं होतं; डोक्यापर्यंत पोचलं नव्हतं. शेवटी बायकोनेच ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचा कॅन आणून दिला. त्यात दिवा लागेना. चिमूटभर मीठ टाकलं, लागला.

मला हुरूप आला. "सोडियमच्या अणूत धन आणि ऋण भार सारखेच असतात. पण त्याच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो. तो क्लोरीनला देऊन टाकला की सोडियम धन होतो, क्लोरीन ऋण. असे भार आलेले अणू म्हणजे आयन. मिठात ते एकमेकांना धरून असतात, पाण्यात सुटे होतात आणि वीज वाहून नेतात."

सासऱ्यांनी विचार केला. "देते तो धन, अन् घेते तो ऋण? हे तं उलटं झालं."

"सोडियम जो इलेक्ट्रॉन देतो, तोच ऋण असतो. ऋण गेलं की धन उरतं."

"मंग बराबर हाय."

हा प्रश्न माझ्या वर्गात कधी कुणी विचारला नव्हता. त्यासाठी आधी ऐकावं लागतं.

संध्याकाळी शेजारणी आपापल्या विहिरीचं पाणी तांब्यात घेऊन आल्या. "आमचं पाहा बरं, कसं हाय." मी दिवा लावत बसलो. एमएस्सीला मला पहिला वर्ग मिळाला होता, हे त्या गावात कुणाला ठाऊक नाही. बसमधून उतरलो की अजून विचारतात, "दिवेवाले जावई आले काय?"

मी हो म्हणतो.