म्हशीचा चीक चालतो

मिसरीचा वास आला की मला अजून मळमळतं. माझी आत्या, म्हणजे वडलांची थोरली बहीण, सकाळ-संध्याकाळ मिसरी लावायची, आणि तेच काळं बोट लुगड्याला पुसल्यासारखं करून माझ्या दोन दिवसांच्या लेकीच्या तोंडात फिरवायची. घसा मोकळा होतो म्हणे.

बाळंतपण परभणीच्या दवाखान्यात झालं आणि दुसऱ्या दिवशी मला माहेरी, झरीला आणलं. निघताना तिथल्या सिस्टरनं बजावलं होतं, सुरुवातीचा हा घट्ट पिवळा चीक बाळाला अंगावर पाज, वरचं काही देऊ नको. मी मान डोलावली. घरी पोचले तर आत्या आधीच खाटेवर ठाण मांडून बसलेली. घरातली सगळी बाळंतपणं तिच्याच हातची. आई तिच्यापुढे चकार शब्द काढायची नाही. माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता आणि तो पाचवी पुजायच्या आतच गेला, एवढंच मला ठाऊक. त्याचा विषय घरात कुणी काढत नसे.

आत्यानं माझा चीक बघितला आणि नाक मुरडलं. नासकं हाय, पोटातली घाण हाय, पोरीला जुलाब लागतील, असं म्हणाली. चांगलं पांढरं दूध उतरेपर्यंत वाटीत पिळायचा आणि मोरीत ओतायचा, असा हुकूम सुटला. माझ्या अंगातलं ते दूध मोरीतल्या खरकट्यावर पडताना मी डोळ्यांनी बघितलं. आणि पोरीला काय, तर शेळीच्या दुधात बुडवलेला कापसाचा बोळा. तो एकदा फरशीवर पडला. तिथून नुकत्याच कोंबड्या फिरून गेल्या होत्या. आत्यानं बोळ्यावर फुंकर मारली आणि परत तोंडात दिला. शी! मी उठायला गेले तर टाके असे ओढले की खाटेवरच बसले.

पोरगी बोळा चोखायची, दमायची, रडायची. दुपारनंतर रडणंही बारीक झालं. ओठ सुकले, लंगोट सकाळपासून कोरडाच. मला धडकी भरली. आत्याला दाखवलं तर म्हणते कशी, गुणाची हाय लेक, उगं घाण करत न्हाई.

त्याच दिवशी शेजारणीची म्हैस व्याली. तिनं तांब्याभर चीक पाठवला आणि आमच्या घरात दिवाळी झाली. गूळ घातला, विलायची घातली, कुकरला खरवस लावला. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत सगळे ताटं घेऊन बसले, आई वाढत होती. वड्यांवर तुटून पडले नुसते. आत्या सगळ्यांत पुढं. बोटं चाटत मला ऐकू येईल असं म्हणाली, "पहिल्या धारेचा हाय, लय ताकद असती ह्याच्यात."

म्हशीचा चीक चालतो, चाटूनपुसून चालतो, आणि माझा तेवढा घाण! रेडकालासुद्धा कुणी बोळ्यानं पाजत नाही.

मी बोळा वाटीसकट मोरीकडं भिरकावला, गाऊनची बटणं सोडली आणि पोरीला अंगावर घेतलं. तिला धरताच येईना. तोंड लावायची, सुटायची. मी घामानं निथळले. वाटीचा आवाज ऐकून आत्या ताट हातात घेऊनच दारात आली. पोरीला मारायलीस का, म्हणत ती आत शिरणार, तेवढ्यात आई वाढायचं टाकून मधे आली आणि दारात आडवी उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता.

"पिऊ द्या वन्सं. माझ्या लेकराला तुमी तीन दिवस बोळाच दिला. चौथ्या दिवशी त्यानं चोखायचंच सोडलं."

ताट उंबऱ्यापाशी ठेवून आत्या बाहेर ओट्यावर जाऊन बसली. आई माझ्याकडं पाठ करून तिथंच उभी होती. पोरीनं आता नीट धरलं होतं, तिच्या गिळण्याचा आवाज यायला लागला. तो ऐकल्यावरच आई हलली. तिनं आत्याचं ताट उचललं आणि त्यातला खरवस मोरीत टाकला, माझा चीक ओतायला लावला होता तिथंच.