माय दारात गंज घासायची

माजरीच्या आमच्या क्वार्टरच्या पायरीवर सांजवेळी माय तांब्याचा गंज घासायला बसायची, आणि मावळतीचं ऊन त्या गंजाच्या अंगावर असं काही रेंगाळायचं की मला वाटे, सूर्य मातीच्या ढिगाऱ्यांआड जातच नाही, आमच्याच दारात येऊन निजतो… गंज म्हणजे आमच्याकडचं उभट पातेलं. कोळसा खाणीचा मुलूख तो. दिवस कलेपर्यंत दोरीवरचे कपडे, शेवग्याची पानं, पाळीवरून आलेल्या बाबांच्या पापण्या, सगळ्यांवर काळी मऊ साय धरलेली असायची. त्या काळ्यात लाल असा एकटा आमचा गंज. चिंचेचा कोळ, मीठ, चिमूटभर राख, आणि मायचे लांबसडक हात. नळ खरं तर मागच्या अंगणात होता. तरी माय बादली भरून पुढच्या पायरीवरच यायची, आणि चिंचेचा आंबूस वास तापल्या मातीवर सांडलेल्या पाण्याच्या वासात मिसळून जायचा.

वैशाख लागला की कल्हईवाला यायचा. कडुलिंबाखाली खड्डा खणून भाता लावायचा, गंज चांगला तापवायचा. नवसागराचा पांढरा धूर नाकाला झोंबायचा, आणि मग कथलाची कांडी टेकवून तो कापसाचा बोळा असा गरकन फिरवायचा की गंजाच्या पोटात बघता बघता चांदणं पसरायचं… मी खुळ्यासारखा वाकून बघत राही. बुद्धपौर्णिमेला त्याच गंजात चिन्नोर तांदळाची खीर रटरटायची. विहारातून पांढऱ्या साड्यांतल्या बायका परतायच्या, वाट्या भरभरून खीर घरोघर जायची, आणि बुडाची खरवड हक्काने माझी.

पुढे स्टीलचे दिवस आले. डोक्यावर पाटी घेतलेली भांडीवाली दुपारच्या वेळी आरोळी द्यायची आणि जुन्या तांब्या-पितळेच्या बदल्यात चकचकीत डबे, ताटं, पातेली देऊन जायची. शेजारणींच्या फळ्या एकेक करून पांढऱ्या झाल्या. मायनेही स्टील घेतलं, अगदी हौसेने घेतलं. पण गंज काही दिला नाही. का, ते विचारायचं मला सुचलं नाही.

मी आता ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहतो. बाबा गेल्यावर माय माझ्याकडे आली, तिच्याबरोबर गंजही आला आणि माळ्यावर चढला. गेल्या उन्हाळ्यात मायला ताप आला. ताप उतरला, पण तिची अन्नावरची वासनाच उडाली. भात चिवडायची, ताट सरकवायची, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. बुद्धपौर्णिमा जवळ आली तेव्हा माझ्या मनाने घेतलं— गंजातली खीर! ती एकदा पुढे ठेवली की माय जेवेल.

गंज खाली काढला तर आतली कल्हई पार उडालेली, कडेला हिरवट डाग. माझी बायको सुजाता म्हणाली, "काई बी करा, पन यात दूध शिजवू नका. आधीच त्याइचं पोट नाजूक." चंद्रपूरच्या भांड्यांच्या दुकानात चौकशी केली, तर दुकानदार हसला. "कलईवाले आता कुठी राह्यले भाऊ? हे घ्या, तांब्याच्या बुडाचं स्टील. दोनीची हौस भागते!" मी हिरमुसून घरी आलो आणि गंज पुढ्यात घेऊन बसलो. विचार पक्का होत होता, एक दिवस शिजवलं तर काय होणार आहे?

माय खाटेवरून बघत होती.

"काऊन रे, त्याले काऊन काढलं?"

"यातच खीर करतो माय, पयल्यासारखी. मंग तू जेवशील."

"पागल झाला काय? कलई कुठी हाय त्याले? स्टीलात कर." मग थोडी हसली. "तुले त्याची चमक आठवते बाबू. मले घासनं आठवते. खांदे भरून येत माहे."

जुनं ते सोनं म्हणावं, पण घासणारे हात दुसऱ्याचे असावेत, हेच खरं!

"मंग ठेवला काऊन? भांडीवालीले काऊन नाई देल्ला?"

माय कुशीवर वळली, गंजाकडे बघू लागली. बाहेर कूलरच्या वाळ्याचं पाणी ठिबकत होतं.

"माह्या मायचा हाय तो. सावली तालुक्यात, आमच्या गावात, आमच्या लोकाइच्या घरी मातीची गाडगी. पानी बी लोकं वरून ओतत, ओंजळीत. दीक्षा घेतल्यावर मायनं धानाच्या रोवणीच्या मजुरीतून हा गंज घेतला. अन् घरात नाई घासला तिनं कदी. दारात बसून घासे, येनाऱ्या-जानाऱ्यानं पाहावं म्हून. मी बी मंग दारातच घासला."

मला मागच्या अंगणातला नळ आठवला… पायरीपर्यंत वाहून आणलेली बादली आठवली.

खीर मी स्टीलच्या पातेल्यात केली. आणि ऊन उतरल्यावर चिंच, मीठ घेऊन दाराच्या पायरीवर बसलो. मायला माझ्या मागे, दारात खुर्चीवर बसवलं. तिची देखरेख सुरू झाली— "बुडाले घास. कडा राह्यल्या. जोर नाई काय हाताले?" हळूहळू हिरवट डाग विरघळले, काळेपण सुटलं, आणि आतून तो जुना लाल रंग वर येऊ लागला. तेवढ्यात कंपनीची बस थांबली. पाळी संपवून उतरलेली एक तरुण मुलगी चालता चालता थबकली.

"किती सुंदर आहे! कोणाचा हो काका?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, खणखणीत.

"माह्या मायचा."

मुलगी गेली. माय तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत होती, पदर नीट करत होती. मग म्हणाली, "आन आता खीर." आणि ती जेवली… वाटी बोटाने पुसून जेवली.

श्रावणात माय गेली.

गंजात अजूनही मी काही शिजवत नाही. कल्हई करणारा मिळालेला नाही. यंदाच्या बुद्धपौर्णिमेला खीर स्टीलमध्येच झाली. सांजवेळी चिंच घेऊन मी पायरीवर बसलो, बुडाला घासलं, कडा राहू दिल्या नाहीत. बस आली, माणसं उतरली. शेजारच्या क्वार्टरमध्ये नव्याने राहायला आलेले एक गृहस्थ फाटकाशी थांबले आणि म्हणाले, "वा! कोणाचा हो हा?"

सवयीने मी मागे वळून पाहिलं. मग म्हणालो, "माह्या मायचा."