लोक काय म्हणतील, याचं शास्त्र

टायपिस्टबाईंना कॉलेजात सगळे नुसतं 'बाई' म्हणत. तत्त्वज्ञान विभागात त्या टायपिंग करायच्या आणि उरलेल्या वेळात काळजी. काळजीला त्यांना कारण लागत नसे. लेकीला शिंक आली की न्यूमोनिया, ती उशिरा आली की अपघात, आणि वेळेवर आली तर, "आज लवकर कशी गं? कुणाशी भांडलीस का?"

अशा बाईंच्या टेबलाशी एका दुपारी सर येऊन उभे राहिले. सर म्हणजे विभागातले सगळ्यात तरुण प्राध्यापक. एका खिशात खडू, दुसऱ्यात पेन, आणि फळ्यावर हमखास पेन घासणार.

"बाई, मी नवा विषय सुरू करतोय. सामाजिक मानसशास्त्र. मदतीला याल?"

"म्हणजे नेमकं काय करायचं?"

सरांनी खुर्ची ओढली. पूर्वी म्हणे मनाचा अभ्यास करायचा म्हणजे माणसाला एकट्याला बसवायचं, दिवा लावायचा आणि तो किती वेळात बटण दाबतो ते मोजायचं. काहींनी तर माणूस सोडून उंदीरच घेतले. पण माणूस एकटा असतो तरी कधी? भोवती चार लोक आले की त्याचं वागणं बदलतं. मग महायुद्धं झाली, भलीभली माणसं गर्दीमागे वाहत गेली, आणि हे होतं कसं, असा प्रश्न अभ्यासकांना स्वस्थ बसू देईना. त्यातून हा विषय जोमानं वाढला.

"थोडक्यात काय, तर लोक काय म्हणतील या विचारानं माणूस काय काय करतो, ते तपासायचं."

"अहो, मग यात माझं आयुष्य गेलंय," बाई म्हणाल्या. "पदवी तेवढी मिळायची राहिलीय."

विषयाला खोली मिळाली ती भूगोलवाल्यांची, नकाशे ठेवायची. भिंतीभर खिळे आणि कोपऱ्यात चेपलेला पृथ्वीचा गोल. प्राचार्यांची अट साधी होती. वर्ष संपायच्या आत एक प्रयोग पुरा करून दाखवा. नाही जमलं तर खोली भूगोलाला परत, विषय तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातल्या एका प्रकरणात परत, आणि बाई परीक्षा विभागात परत. परीक्षा विभागाचं नाव काढलं की बाई देवाचं नाव घ्यायच्या. तिथे त्यांनी लोखंडी कपाटाकडे तोंड करून कित्येक वर्षं काढली होती, आणि दिवसभरात कुणी 'चहा झाला का' एवढंही विचारत नसे.

प्रयोग नवा नव्हता. दुसरीकडे गाजलेला होता, तोच इथे करून पाहायचा होता. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर अ, ब, क अशा तीन. पहिलीएवढी कुठली ते सांगायचं. लहान मूलही सांगेल. मेख अशी, की पाचपैकी चार खुर्च्यांवर सरांचीच माणसं. ग्रंथपाल, शिपाईकाका, बाई आणि माळीदादा. चौघांनी ठरवून एकच चुकीची रेघ सांगायची. पाचव्या खुर्चीवर बिचारा खरा विद्यार्थी. तो आपल्या डोळ्यांचं ऐकतो की चौघांचं, ते बघायचं. सर स्वतः फळ्याआड उभे राहून कार्डं वर धरत, कारण त्यांना हसू आवरत नसे.

तालमीत बाई अडखळल्या. "ब... म्हणजे खरं तर क, पण ब म्हणायचंय ना?"

"काय बाई," शिपाईकाका म्हणाले, "नवी पर्स जुनीच आहे, असं नवऱ्याला कसं बेमालूम सांगता?"

"ती थाप नसते काका, तो संसार असतो."

हळूहळू जमलं. नियम एकच होता. प्रयोगानंतर विद्यार्थ्याशी अवाक्षर बोलायचं नाही. बाहेर बोभाटा झाला की सगळंच मुसळ केरात.

आणि मग आली एक चष्मिस मुलगी. पहिली दोन उत्तरं बरोबर दिली, तिसऱ्या कार्डाला मात्र चौघांकडे बघितलं, आवाज खाली गेला आणि म्हणाली, "ब." शेवटपर्यंत ती चौघांच्याच मागे गेली. जाताना चष्मा काढून डोळे पुसत होती. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात दिसली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

बाईंनी डबा न उघडताच घरी परत नेला. कुणाची तरी लेक ती, आपल्या लेकीएवढी. चार घोडी माणसं मिळून आपण तिला वेड्यात काढलं. शेवटी नियम गेला खड्ड्यात म्हणत त्या थेट मुलींच्या वसतिगृहात गेल्या. चष्मिस कॉटवर पडलेली, गाल टम्म सुजलेला.

"बाळा, माफ कर गं. ती रेघ क-च होती. आम्ही मुद्दाम खोटं बोललो. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"काकू," मुलगी गाल धरून म्हणाली, "माझी अक्कलदाढ काढलीय."

"अगं, मग रडत का गेलीस?"

"ठणकत होती ना!"

"आणि ब का म्हणालीस?"

"मला वाटलं, तुम्हा चौघांना कमी दिसतंय. लहानपणी मला फळा दिसायचा नाही, तर अख्खा वर्ग हसायचा. म्हटलं, मोठ्या माणसांना कशाला तोंडघशी पाडा?"

बाईंना हसावं की रडावं कळेना. मागे वळून बघतात तर दारात ही गर्दी, आणि त्यातल्या निम्म्या मुली पुढच्या आठवड्यात पाचव्या खुर्चीवर बसायच्या होत्या. संध्याकाळपर्यंत कॉलेजभर झालं. कँटीनमध्ये बाई दिसल्या की पोरं ओरडायची, "ब! ब!"

बाईंनी जाऊन सरांना सगळं सांगितलं. सरांनी डोकं धरलं.

"ती मुलगी काय म्हणाली, ते पुन्हा सांगा."

बाईंनी सांगितलं.

"मी तिला भित्र्यांत धरलं होतं," सर म्हणाले.

"भित्री कसली? मोठ्या मनाची आहे."

"मूळ प्रयोग करणाऱ्यांनी शेवटी प्रत्येकाला विश्वासात घेऊन विचारलं होतं, की असं का म्हणालात. वेळ वाचवायला मी तेवढंच गाळलं." ते उठले. "बाई, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजातून मुलं आणू. आणि प्रयोग झाला की तुम्ही चहा द्यायचा, खरं काय ते सांगायचं आणि विचारायचं."

पुन्हा सुरुवात झाली. शेवटचाच विद्यार्थी यायचा होता, त्या दिवशी त्याच्याऐवजी प्राचार्य आले. खोली ताब्यात घ्यायची वेळ झाली का, ते बघायला. जिने चढून दमले होते, म्हणून रिकाम्या पाचव्या खुर्चीवर टेकले. फळ्याआडून सर म्हणाले, "सगळे आलेत ना? सुरू करतो." आणि कार्ड वर आलं.

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. ग्रंथपालांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "ब." शिपाईकाकांनी डोळे मिटून "ब" म्हटलं. बाईंच्या डोळ्यांपुढे लोखंडी कपाट उभं राहिलं. आता थांबावं तर सगळंच उघडं पडणार. "ब," त्या म्हणाल्या. माळीदादाही ब.

"क!" प्राचार्य गरजले.

प्रत्येक कार्डाला तेच, आणि फळ्याआड हसू दाबण्यात गुंतलेल्या सरांना आवाजही ओळखू आला नाही. शेवटी ते उठून फळ्यावर मूठ आपटत म्हणाले, "डोळे काय घरी ठेवून आलात सगळे?"

फळ्याआडून सरांनी डोकावलं आणि त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला.

बाईंनी नियमाप्रमाणे चहा पुढे केला, खरं काय ते सांगितलं आणि विचारलं, "साहेब, आमच्यासारखं म्हणावंसं नाही वाटलं?"

"मी जन्मात कुणाच्या हो ला हो केलेलं नाही. घरी विचारा."

"विचारायला कशाला हवं," शिपाईकाका पुटपुटले.

प्राचार्यांनी कपात बघत आवाज खाली आणला. "चौथ्या कार्डाला मात्र घाम फुटला होता. म्हटलं, आपलंच काही बिघडलं की काय? बाकीचे काय म्हणतात हो?"

बाई सांगत गेल्या. कुणाला लवकर सुटायचं होतं, कुणी खरंच स्वतःला चुकीचं समजलं, आणि एकीला चौघांची दया आली. प्राचार्यांनी खुर्ची पुढे ओढली. दुसरा कप संपल्यावर म्हणाले, "भूगोलाला दुसरी खोली बघायला सांगतो. बाई, तुम्ही इथेच राहा."

तेवढ्यात खरा विद्यार्थी धापा टाकत दारात आला. प्राचार्यांचे डोळे चमकले. ते सरांच्या कानाशी लागले, "एकदा मी बसू? तुमच्या चौघांत?" नाही म्हणायची कुणाची टाप होती? माळीदादा उठले.

कार्ड वर आलं. ग्रंथपाल ब, काका ब, बाई ब. प्राचार्यांनी तोंड उघडलं, लालबुंद झाले आणि म्हणाले, "क. माफ करा, मला नाही जमत."

"हुश्श," विद्यार्थी म्हणाला, "मलापण क-च दिसतंय."

सर फळ्याआडून बाहेर आले. हातातली कार्डं खाली पडली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "एक सोबती मिळाला की माणूस कसा बोलायला लागतो, बघितलंत? मूळ प्रयोग करणाऱ्यांनीही पुढे हेच तपासलं होतं. बाई, पुढच्या वर्षीचा प्रयोग ठरला!"

"ठरला," बाई कार्डं गोळा करत म्हणाल्या, "आणि क म्हणायचं काम साहेबांकडेच ठेवा. त्यांना तालीम लागणार नाही."