वरखाली आणि लिफ्टची कडी

आमच्या इमारतीत बातमी अशी आहे की, पडदेवाल्या ताईंना गटवण्यासाठी वरखालीने लिफ्ट मुद्दाम बंद पाडली. साफ खोटं. माझी खिडकी तळमजल्यावर, लिफ्टच्या दारासमोर. या प्रकरणात माझ्याइतका जवळचा साक्षीदार मिळणार नाही. बातमी माझ्या तोंडून निघाली तेव्हा साधीसुधी होती. पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत लोकांनी तिला मीठमसाला लावला, त्याला मी काय करणार? लिफ्ट आपणहून बंद पडली होती. मुद्दाम जे झालं ते नंतर झालं, आणि ते मला आज सकाळी कळलं. तेव्हापासून माझा पाय घरात ठरत नाहीये.

वरखाली म्हणजे आमचा लिफ्टचा मेकॅनिक. हे नाव इमारतीनेच ठेवलेलं. चाळिशी उलटलेला, एकटा जीव, राहायला गच्चीवरच्या खोलीत, मोटरच्या शेजारी. अडकलेली माणसं सोडवण्याची त्याची एक ठरलेली रीत आहे. धावत येतो आणि काहीच करत नाही. पिशवी खाली ठेवतो, दाराशी मांडी ठोकतो आणि दाराच्या काचेतून गप्पा सुरू करतो. त्याही कसल्या, तर पाण्याची टाकी भरली का, जिन्यातला दिवा कुणी काढला. घाबरलेला माणूस दार उचकटून उडी मारायला बघतो, म्हणून आधी त्याचा श्वास जागेवर आणायचा. मग गच्चीवर जाऊन मोटरचं चाक हाताने फिरवायचं आणि लिफ्ट मजल्याला लावायची.

सुटलेली माणसं मात्र त्याच्यावर जीव ओवाळून टाकतात. एका निवृत्त साहेबांनी त्याला मिठी मारून मानसपुत्र जाहीर केलं होतं. एका मावशींनी भाचीच देऊ केली होती. आठवडा उलटला की तेच साहेब जिन्यात म्हणणार, "जरा बाजूला होता का?" त्यामुळे लिफ्टच्या दारातलं प्रेम दारातच सोडायचं, हे त्याने मनाशी पक्कं केलेलं.

आणि अशात तिसऱ्या मजल्यावरच्या पडदेवाल्या ताई अडकल्या. लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवणाऱ्या, जिभेला कात्रीची धार. पण बंद जागेची त्यांना भयंकर धास्ती. आतून नुसत्या धडका ऐकू येत होत्या. वरखाली बसला आणि म्हणाला, माझ्या खोलीच्या खिडकीला पडदा लावायचाय, माप कसं घेऊ? आतून हुंदका आला, मग उत्तर आलं, मग चक्क ओरडा आला की खिडकीच्या मापाचा पडदा कुणी शिवतं का, चुण्यांना कापड कोण देणार, तुमचे वडील? तेव्हा हा उठून गच्चीवर गेला आणि बोलत राहायचं काम मला देऊन गेला. मी एकच वाक्य बोललो. ताई आतून म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसलात तर मला जास्त धीर येईल."

सुटून आल्या त्या थेट मुद्द्यावर. चार दिवसांनी, भर जिन्यात, त्यांनी वरखालीला लग्नाचं विचारलं. मी खिडकीतून पडता पडता वाचलो. आणि हा शहाणा म्हणतो कसा, "ताई, तुम्हाला मी आवडलो नाही. पाय जमिनीला लागले, ते आवडलंय. छातीतली धडधड माझ्या नावावर टाकू नका."

"मग धडधड नसताना भेटू," ताई म्हणाल्या.

झालं! माझ्या खिडकीखालच्या बाकावर रोज संध्याकाळी त्यांच्या बैठका सुरू झाल्या. अटी वरखालीच्या. जिना चढून लगेच बसायचं नाही, दम लागलेला असतो. कॉफी नाही, तिनेही छाती धडधडते. ताई पडद्याची किनार टाचत बसायच्या, हा बेअरिंग पुसत बसायचा. विषय गळके नळ. इतकी कंटाळवाणी प्रेमकहाणी मी जन्मात ऐकली नाही, आणि एक दिवस चुकवली नाही. आमची ही म्हणायची, खिडकी लावा, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा. मी खिडकी लावायचो. अर्धी.

ताईंचा आवाज दिवसेंदिवस मऊ होत गेला, पण याचा निकाल काही लागेना. शेवटी त्यांनी सांगून टाकलं की दुसऱ्या गावात दुकानाची जागा मिळतेय, शनिवारी जाऊन होकार देणार. हा बेअरिंगकडे बघून म्हणाला, जागा चांगली असेल तर घ्यावी. मला वाटलं, वरून कुंडी टाकावी याच्या डोक्यात. पण मी तळमजल्याला.

शनिवारी सकाळी ताई पिशवी घेऊन निघाल्या आणि त्याच वेळी वीज गेली. वरखाली लिफ्टचं काहीतरी तपासत होता, तो आतच राहिला, तिसऱ्या मजल्यावर, ताईंच्या दारासमोर. आवाज ऐकून मी धापा टाकत वर पोचलो, तर ताईंनी पिशवी खाली ठेवलेली आणि दाराशी मांडी ठोकलेली.

"पाण्याची टाकी भरली का?" त्यांनी काचेतून विचारलं.

आतून उत्तर आलं, पण तुटक तुटक.

"श्वास लागलाय तुम्हाला," ताई म्हणाल्या.

"लिफ्टमध्ये मला कधी लागत नाही."

"मग कशाने लागलाय?"

मी कान दाराला लावला. वीज आली, जिन्यातला दिवा लागला, लिफ्ट मात्र हलली नाही. मग आतून आवाज आला, "दुकानाला जाऊ नका."

ताईंचे डोळे भरले होते, पण जीभ जागेवर होती. "घाबरून बोलताय तुम्ही. पाय जमिनीला लागले की विसराल."

"तपासून बघा. हवे तितके दिवस बसू बाकावर."

"मी नाही बसणार तपासत. मला पडदे शिवायचेत. तुमच्या खिडकीपासून सुरुवात करते."

कडी खट्कन वाजली, दार सरकलं आणि वरखाली बाहेर आला. ना गच्चीवर कुणी गेलं, ना चाक फिरलं. ताईंनी दुकानाला नकार कळवला आणि मी टाळ्या पिटत जिना उतरलो. त्या आनंदात मला सुचलंच नाही की हे दार उघडलं कसं.

आज सकाळी दोघं लग्नाची तारीख सांगायला आली, तेव्हा माझी ट्यूब पेटली. वरखालीला मी कोपऱ्यात घेतलं. अरे, लिफ्ट मजल्याला बरोब्बर लागलेली होती. अशा वेळी आतली कडी हाताने सुटते, हे तूच मला दाखवलं होतंस. म्हणजे वीज गेली त्या क्षणी तू बाहेर येऊ शकत होतास. मग आत बसून त्या बाईंना फरशीवर ताटकळत का ठेवलंस?

तो कानापर्यंत लाल झाला, पिशवी खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "कडी सुटत होती काका, मान्य. पण घाई कुणाला होती?"