होम प्लेटपुढची जागा

फुजैराच्या एका ऑइल टर्मिनलवर मी सेफ्टीचं काम बघतो. आठवडाभर तिकडे, आणि शनिवार-रविवार दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरी. मुलगी दुबईतच कॉलेजला आहे, तिथल्या बेसबॉल टीमची कॅचर. खेळाडू पुरत नाहीत म्हणून मुलं-मुली एकाच टीममध्ये खेळतात. मला तो खेळ कळायला वर्ष गेलं. कॅचर म्हणजे साधारण आपला विकेटकीपर. तिच्यापुढे जमिनीत बसवलेली पांढरी पाटी म्हणजे होम प्लेट. धावणारा तीन बेस ओलांडून तिथे पोचला की रन, आणि त्याआधी कॅचरने बॉल त्याच्या अंगाला टेकवला की तो आउट.

गेल्या हिवाळ्यात एका मॅचला समोरच्या टीमचा एक दांडगा मुलगा तिसऱ्या बेसवरून सुसाट आला आणि खांद्याने तिच्यावर आदळला. ती मागे फेकली गेली. प्रेक्षकांपुढची जाळी ओलांडून मी आत कसा गेलो, आठवत नाही. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे हात झोळीत, आणि वेणी घालायला आई.

मग चार कॉलेजांनी मिळून बैठक बोलावली. अशा धडकेवर बंदी घालायची की नाही, एवढाच विषय. मी ऑफिसच्या सवयीने तीन पानी रिपोर्ट तयार केला.

एका वर्गात आम्ही तीसेक जण बसलो होतो. समोरच्या टीमचे कोच म्हातारे, अमेरिकेत खेळून आलेले. ते म्हणाले, "धडक हा या खेळाचाच भाग आहे."

मी उठलो. "टर्मिनलवर माणूस पडला तर 'हा कामाचाच भाग' असं आम्ही म्हणत नाही, सर."

टाळ्या पडल्या. तो दांडगा मुलगा शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. तेवढ्यात माझ्या मुलीने चांगला हात वर केला.

"बाबा, सॉरी. बट आय वॉज ब्लॉकिंग द प्लेट."

बॉल हातात यायच्या आधीच ती त्याच्या वाटेत पाय रोवून उभी होती, असं तिने सगळ्यांना सांगितलं. त्याला जायला जागाच नव्हती.

माझ्या तीन पानांत तो किती जोरात आला, कसा आला, सगळं होतं. ती कुठे उभी होती, हे एका ओळीतही नव्हतं. आणि मी ते जाळीमागून पाहिलं होतं.

"मग नियम काय हवा?" मी विचारलं.

तिने फळ्यावर आकृती काढली. हातात बॉल नसेल तर कॅचरने वाट मोकळी ठेवायची. धावणाऱ्याने घसरत यायचं किंवा बाजूने जायचं. मुद्दाम आदळला तर आउट, आणि मॅचमधूनही बाहेर.

"मग मजा काय उरली?" कोच कुरकुरले.

उत्तर शेवटच्या बाकावरून आलं. "सर, त्या दिवसापासून मला होमकडे धावायचीच भीती वाटते."

मतं घेतली तेव्हा कोचनीही नियमाच्या बाजूने हात वर केला.

परत येताना रस्त्यालगतच्या कॅफेटेरियापाशी गाडी थांबवून आम्ही करक, म्हणजे इथला दाट दुधाळ चहा, मागवला.

"चिडलास?" तिने विचारलं.

"नाही. पण आधी घरी सांगायचं होतंस."

"तू विचारलंच नाहीस, बाबा. ऑफिसात रिपोर्ट लिहिताना ज्याला लागलं त्याला विचारतोस ना?"

विचारतो. तेच तर पहिलं काम असतं. मला हसूच आलं.

हाड जुळल्यावर पहिल्याच मॅचला एक मुलगी धुरळा उडवत घसरत होमवर आली. आमची बाजूला सरली, बॉल पकडला आणि वाकून तिच्या पायाला टेकवला. अंपायरने 'सेफ', म्हणजे नाबाद दिलं. आमची त्याच्याशी हुज्जत घालायला लागली, आणि इकडून मीही ओरडलो, "आउट होती ती!"

"अहो, खलास, बसा आता खाली," म्हणत बायकोने माझा शर्ट ओढला आणि मोसंबीची फोड हातात ठेवली. ऊन छान कोवळं होतं. आम्ही ती मॅच हरलो.