साडेआठची टकटक

आक्काचा फोन आला तेव्हा मी कुडाळच्या बाजारात होतो. पिशवीत पांढऱ्या व्हिनेगरची बाटली होती, भावजींनीच मागवलेली. मालवणात व्हिनेगर मिळत नाही असं नाही, पण माझ्याकडून काहीतरी काम करून घ्यायची त्यांना सवय होती, आणि कुरकुर करत ते करायची मला. "दत्ता, ये," आक्का म्हणाली. मग जरा थांबून, "येताना घाय करू नको." मी बस स्टँडकडे वळलो आणि चार पावलं चालल्यावर मला कळलं, घाई करू नको म्हणजे काय... ती बाटली हातात घेऊनच मी मालवणला पोचलो. आज दोन महिने होत आले. बाटली त्यांच्या टाकीखालच्या कपाटात आहे, अर्धी संपली आहे. आता ती मी वापरतो.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. शाळेत विज्ञान शिकवायचे. मी बँकेत. मला सगळं आज आणि आत्ता हवं असायचं, आणि हा माणूस चहा निवेपर्यंत कपाकडे बघत बसायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी पोहायचा जुना नाद पुन्हा धरला. एका उन्हाळ्यात किल्ल्यामागच्या पाण्यात काच लावून बुडी मारून आले. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "खाली सगळां पांढरां पडलां, रे दत्ता. हाडां कशी." पाणी तापलं की प्रवाळ रंग टाकतं आणि उपाशी मरतं, हे त्यांनी मला नंतर समजावलं. त्या पावसाळ्यात त्यांनी घरात खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. समुद्रातून त्यांनी एक तुकडासुद्धा उचलला नाही, तो कायद्याने गुन्हा आहे आणि ते तर कायद्याहूनही कडक. मुंबईच्या एका जाणकाराकडून टाकीतच वाढवलेले मऊ जातीचे प्रवाळ त्यांनी आणले. वाडीभर चेष्टा. दोनशे पावलांवर समुद्र आणि मास्तर घरात समुद्र करून बसलेत, काखेत कळसा म्हणतात तो हा. मीही त्या चेष्टेत पुढे होतो, खोटं कशाला बोलू?

प्रवाळाला अन्न लागतं ते उजेडाचं. टाकीवर चार पातळ ट्यूब होत्या, दोन पांढऱ्या, दोन निळ्या. सगळी दुनिया एलईडीकडे गेली तरी हे ट्यूबला धरून. मी म्हणायचो, टाका की नवीन. ते म्हणायचे, "हातात आसा त्या ट्युबीकडून पुरतां काम घेतलंस काय? मगे नवीन कित्या?" आणि खरंच, त्या चार नळ्यांकडून त्यांनी जे काम काढून घेतलं ते मी माझ्या शाखेतल्या माणसांकडून कधी काढू शकलो नाही. ट्यूबचा अर्धा उजेड वर छताला जातो, फुकट. म्हणून त्यांनी चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणला आणि प्रत्येक ट्यूबवर स्वतंत्र पन्हळ बसवली, वर जाणारा उजेड खाली पाण्यात वळवायला. पत्र्याला बाक द्यायला घरातलं लाटणं नेलं, ते परत आलंच नाही. आक्का अजून बाटलीने लाटते. ट्यूब तापली की तिचा उजेड उतरतो, म्हणून जुन्या कॉम्प्युटरचे दोन छोटे पंखे झाकणात बसवले. दर रविवारी नळ्यांवर आणि पत्र्यावर बसलेली मिठाची साय व्हिनेगरच्या फडक्याने पुसायची. ते काम पुढे माझ्या गळ्यात पडलं. प्रत्येक ट्यूबच्या टोकाला काळ्या शाईने ती लावल्याची तारीख. वर्षाच्या आत चांगली पेटती ट्यूब काढून ठेवायचे. मी एकदा चिडलो, "अहो, लख्ख पेटता मां ती?"

त्यांनी उजेड मोजायचा मीटर माझ्या हातात दिला. आकडा मागच्या खेपेपेक्षा तिसऱ्या हिश्शाने खाली होता. "डोळो लबाड आसता, दत्ता," ते म्हणाले. "उजेड कमी झालो काय तो आपणच मोठो होता आणि तुका सांगता, सगळां ठीक आसा. मीटराक सवय लागणा नाय."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. दर रविवारी मी त्यांच्यासमोर बसत होतो, चहा पीत होतो, पत्रे पुसत होतो. चतुर्थीला त्यांचा मुलगा नितीन पुण्याहून आला, दारात चपला काढता काढता थबकला आणि म्हणाला, "बाबा, केवढे उतरलात तुम्ही..." आक्काने माझ्याकडे पाहिलं, मी आक्काकडे. आम्हा दोघांना काहीही दिसलं नव्हतं. तपासण्या झाल्या तोवर पोटातला रोग पुष्कळ पुढे गेला होता. या गोष्टीचा मला अजून राग येतो. कुणाचा, ते सांगता येत नाही.

शेवटी शेवटी त्यांनी खाट पुढच्या खोलीत, टाकीशेजारी घ्यायला लावली. दिवसभर पांढऱ्या ट्यूब, त्या टायमरवर आपल्या आपण चालूबंद व्हायच्या. सात वाजता त्या गेल्या की फक्त निळ्या उरायच्या आणि खोली पाण्याखाली गेल्यासारखी व्हायची. आक्का ज्यांना बटणं म्हणायची ते छोटे प्रवाळ त्या निळ्यात हिरवे पेटायचे. मधोमध एक मोठं, अळंबीसारखं, त्याला ती छत्री म्हणायची. साडेआठला भावजी हात लांब करून टाकीच्या लाकडी झाकणावर अंगठी दोनदा आपटायचे, टक टक. "निजा आता," म्हणायचे आणि निळा दिवा स्वतः बंद करायचे. इतक्या वर्षांत एक दिवस चुकला नाही. बटणांनाही ते इतकं ठाऊक, की साडेआठच्या आधीच ती मिटायला लागायची. मग काळोखात थोड्या वेळाने पुन्हा बारीक आवाज यायचे, तडतड. सुरुवातीला आक्का दचकायची. "पत्रो थंड होता गो," ते सांगायचे.

जायच्या आधीच्या रविवारी मी पुसत होतो तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. बोलायला श्वास पुरत नव्हता. "चारय ट्युबी बदलूक झाल्या. एकदम बदलू नको. एक बदल, तीन आठवडे थांब, मगे दुसरी. एकदम उजेड झालो तर ती करपतली." मी हो म्हटलं. "आनी रात्री काळोख दी. काळोख व्हयो तेंका. ईसरू नको." मी पुन्हा हो म्हटलं. एवढं सोपं काम, असंच मला वाटलं होतं.

ते दुपारी गेले. नितीन येईपर्यंत संध्याकाळ झाली. सात वाजले, पांढऱ्या ट्यूब आपोआप गेल्या आणि निळ्या उजेडात भावजींचा चेहरा... ओठ, पांढरी दाढी, कपाळावरचा बुक्का, सगळं आतून उजळल्यासारखं दिसलं. कुणीतरी मला म्हणालं, तो दिवा बंद करा हो. माझा हात पुढे झाला नाही.

स्मशानातून परतलो तेव्हा खाट होती त्या जागेवर, पिठाच्या रांगोळीवर, तेलाचा दिवा लावला होता. तेरा दिवस तो विझू द्यायचा नाही ही आपली रीत. तो लावला आणि विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. बायकांचे चेहरे उतरले. मला कारण दिसत होतं, झाकणातल्या पंख्यांचा वारा थेट तिथे येत होता. मी सांगणार एवढ्यात आक्का म्हणाली, "तो दिवो हय रवाचो नाय. हेंचो दिवो होच." तिने टाकीकडे बोट केलं. "हो बंद करूचो नाय कोणी." मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि भावजींना दिलेला शब्द गिळला. टायमर काढून चारही ट्यूब मी माझ्या हाताने थेट जोडल्या. रात्रंदिवस लख्ख उजेड.

पाचव्या दिवशी आक्का मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "दत्ता, रोज साडेआठांक टक टक येता. दोनदाच." तिच्या आवाजात भीती नव्हती. भीती मला वाटली, म्हणून मी लगेच भावजींचंच उत्तर तिला दिलं, पत्रो थंड होता गो. तिने मान हलवली. मी कुडाळला जायला निघालो. गाडी वाटेतलं चौके गाव सोडून पुढे गेली आणि माझ्या लक्षात आलं, पाच दिवस दिवा बंदच झालेला नाही. पत्रा थंड कसा होईल?

दुसऱ्या दिवशी परत येऊन मी रात्री मुद्दाम थांबलो. चारही ट्यूब पेटत्या, खोलीत दुपारसारखा उजेड. सव्वाआठला बटणं मिटायला लागली, एकामागून एक, त्यांच्या रोजच्या वेळेला. साडेआठला झाकणावर आवाज झाला. दोनदा, स्वच्छ, लाकडावर धातूचा. ती अंगठी आक्काने कपाटात फडक्यात बांधून ठेवली होती, बांधताना मी पाहिली होती. आक्का समोर बसून होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बँकेत तीस वर्षं काढलेला माणूस, पण त्या दिवशी टाकीकडे पाठ करून उठायचं धैर्य मला झालं नाही.

तेरावा झाला, नितीन पुण्याला गेला, तरी दिवा चालूच. बटणांचा रंग उतरत होता. डोळ्याला कळेना, रोज बघतच होतो. म्हणून मी मोबाइलमधला, चतुर्थीला काढलेला टाकीचा फोटो उघडून टाकीशेजारी धरला. छत्री जवळजवळ पांढरी झाली होती. भावजींनी पाण्याखाली पाहिलं होतं तेच मी त्यांच्या घरात करत होतो. त्या संध्याकाळी मी आक्काला फोटो दाखवला. "आक्का, रात्रीचो दिवो बंद करूक व्हयो. ती उजेडान मरतत."

"उजेडान कोण मरता काय?"

"मरतत. आनी टकटकीची काळजी करू नको, तो पत्रो..."

"दत्ता," ती मध्येच म्हणाली, "माका शिकवू नको. दिवो पेटतो आसताना पत्रो थंड कसो होता?"

जे मी तिला भीती वाटेल म्हणून लपवत होतो ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती फोटोकडे बघत राहिली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "हे रोज दिवो बंद करूक येतत. मी बंद केलंय तर मगे ते कित्या येतले?"

मी तिला खरं ते सांगितलं, की शेवटच्या रविवारी भावजींनी माझ्याकडे काळोख मागितला होता, मी हो म्हटलं होतं, आणि त्या शब्दाला मी जागलो नाही. सांगताना मला रडू फुटलं, तिला नाही. ती उठून कपाटाकडे गेली, फडकं सोडून अंगठी काढली आणि परत येऊन बसली.

साडेआठला टक टक झाली. आक्का थोडी थांबली. मग ती उठली, झाकणावर तळहात ठेवला, जसा आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात, आणि म्हणाली, "निजा आता." तिने दिव्याचं बटण दाबलं. इतक्या दिवसांनी त्या खोलीत काळोख झाला. पंखे थांबले आणि दूरचा समुद्र ऐकू आला. थोड्या वेळाने वरून तडतड सुरू झाली, एक, तीन, पुन्हा दोन, कशीही.

"हो पत्रो," आक्का काळोखात म्हणाली. "ते येगळे होते."

त्यानंतर ती टकटक आली नाही. छत्री वाचली नाही, बटणांतली निम्मी गेली. उरलेल्यांना हळूहळू रंग येतो आहे असं मीटर आणि फोटो म्हणतात, डोळ्यांचं मी आता ऐकत नाही. पहिली ट्यूब मी गेल्या महिन्यात बदलली, तीन आठवडे थांबून दुसरी. टोकाला तारीख घातली. माझं अक्षर त्यांच्या अक्षराशेजारी फार गिचमिड दिसतं. अजून दोन ट्यूबवर त्यांच्या हातच्या तारखा आहेत, त्या काढायच्या दिवशी आक्काला कसं सांगायचं ते ठरत नाही.

रविवारी मी आता रात्री तिथेच राहतो. साडेआठला आक्का टाकीपाशी जाते. अंगठी तिच्या बोटाला सैल होते, म्हणून तिने तिला आतून दोरा गुंडाळला आहे. झाकणावर दोनदा आपटते, निजा आता म्हणते, दिवा बंद करते आणि माझ्या शेजारी येऊन बसते. पत्रा पुरता थंड होईपर्यंत आम्ही दोघं तडतड ऐकत बसतो.