मीटर नसलेली हिरवळ

तुम्ही रोज ज्या नळाखाली बादली धरता त्याचं पाणी मोजलं जातं. तुमच्या संस्थेच्या हिरवळीचं मोजलं जातं का, हे कधी वाकून पाहिलंय?

मी पाहिलं नव्हतं. त्याची शिक्षा आमच्या वसतिगृहाचा तिसरा मजला भोगतो आहे. मी त्याच मजल्यावर राहते.

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील कामावरून आले की फरशीवर बसून पत्रकांना घड्या घालायचे आणि मी शेजारी बसून मोठ्यानं वाचायचे. बहुतेक पत्रकं पाण्याची असत. कुठल्या वस्तीत टँकर येत नाही, कुठल्या गल्लीला मुद्दाम नळ दिला नाही. प्रत्येकाच्या शेवटी 'आपला नम्र' आणि त्याखाली वडिलांचं नाव. त्यांचा नियम होता, 'आपला नम्र'खाली ज्याचं नाव, त्यानं जाब द्यायला दारात उभं राहायचं.

विद्यापीठाच्या हरित समितीत विद्यार्थी सदस्य म्हणून मला घेतलं तेव्हा मी हवेत होते. वीज, पाणी, कार्बन, सगळंच कमी करायचं होतं. माझ्याकडं पाणी आलं. महिनाभर मी रोज सकाळी वही घेऊन मीटर वाचत फिरले. आमच्या, मुलींच्या वसतिगृहाचा आकडा सगळ्यांत मोठा निघाला. मी शहागंजातल्या छापखान्यातून पत्रक छापून आणलं: 'सर्वांत जास्त पाणी आपल्याच वसतिगृहात जातं. बहिणींनो, दोन बादल्यांत भागवूया.' खाली 'आपली नम्र' आणि माझं नाव. त्या रात्री मला छान झोप लागली.

अतिथिगृहासमोरची हिरवळ बोअरच्या पाण्यावर आहे. त्या बोअरला मीटरच नाही. म्हणून ती माझ्या वहीत आली नाही. नळाला पाणी येण्याचा दिवस बायका बोटांवर मोजतात अशा शहरात मी लहानाची मोठी झाले, आणि मे महिन्यात भर उन्हात फिरणारे फवारे मला दिसले नाहीत. मी मीटर वाचत होते ना!

पंधरा दिवसांत तिसऱ्या मजल्याचा वॉल्व्ह बंद झाला. आता सकाळी अर्धा तास पाणी. माझं पत्रक लॅमिनेट करून प्रत्येक कोरड्या नळावर चिकटवलं गेलं.

मी समितीच्या अध्यक्ष सरांकडं गेले. माझ्या प्रकल्पाचे मार्गदर्शकही तेच.

"सर, मी पाणी बंद करा असं म्हटलं नव्हतं."

"बेटा, तूच तर छापलंस." त्यांनी माझ्यासाठीही चहा सांगितला. "पाणी कमी चढलं की मोटर कमी चालते. वीज वाचते, कार्बन वाचतो. बाहेरची समिती पाहणीला येतेय, तिच्यासमोर तूच बोलणार आहेस. आणि तुझ्या आकड्यांच्या अहवालावर तुझीच सही आहे, विसरू नकोस."

ते रागावले असते तर मला भांडता आलं असतं. मी चहा प्यायले आणि परत आले.

माझ्या खोलीतली मैत्रीण पैठणकडची. रसायनशास्त्र शिकते. पाणी यायच्या वेळेला ती प्रयोगशाळेत असते, म्हणून तिची बादली मी भरते.

"आमच्या उशाला धरण हाय," ती म्हणायची, "अन् मी हितं तुझ्या दोन बादल्यांत नांदतीय. लई मोठी लेखिका गं तू!"

पण तक्रार करायची म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा. "पेपरात येईल. पेपर आबा वाचतेत. हाल झाले तर परत न्यायचं, ह्या बोलीवर धाडलंय मला. माझं शिक्षण बुडालं समज."

पाहणीच्या दिवशी बाहेरून आलेल्या बाईंनी मला विचारलं, "मुलींची काही तक्रार?" एका बाजूला सर उभे होते, दुसऱ्या बाजूला रेक्टरबाई. दाराशी माझी मैत्रीण नकारार्थी मान हलवत होती.

"नाही," मी म्हणाले.

पाहुणे अतिथिगृहात जेवायला गेले. जाताना त्यांनी हिरवळीचं कौतुक केलं.

त्याच आठवड्यात मैत्रिणीला पाळी आली. दुपारपर्यंत दोन्ही बादल्या संपल्या. ती तिसरी, रिकामी बादली घेऊन सरळ हिरवळीच्या पाइपवर गेली. चौकीदारानं धरलं. रेक्टरबाईंनी घरी फोन लावून 'पाणीचोरी' असा शब्द वापरला.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील, आबा, एसटीनं आले. भेटीच्या खोलीत आम्ही चौघं होतो. भिंतीवर माझं पत्रक. त्यांनी ते बोट फिरवत शेवटपर्यंत वाचलं.

"ह्ये कुणी लिवलंय?"

रेक्टरबाई माझ्याकडं बघायला लागल्या.

"मी, आबा."

"खरं हाय का?"

"आकडे खरे आहेत. पत्रक खोटं आहे."

खिडकीतून हिरवळ दिसत होती. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. "मग दुसरं लिवा," ते म्हणाले. "महिना देतो. वर पानी चढलं तर ऱ्हाईल. नाय तर नेतो पोरीला."

"आबा, परीक्षा..." मैत्रीण म्हणाली.

"महिना म्हनलं ना."

मी वडिलांना फोन केला. सर, सही, मार्गदर्शक, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"खाली नाव तुझंच आहे ना?"

"हो."

"मग मला कशाला विचारतेस?"

त्यानंतर वीस दिवस गेले. सर म्हणतात, पुन्हा काही छापलंस तर दुसरा मार्गदर्शक शोध. मैत्रीण माझ्याशी कामापुरतं बोलते. तिनं अर्धी पुस्तकं पेटीत भरून ठेवली आहेत, आणि मला दिसावी म्हणून पेटी उघडीच ठेवते. मी सकाळी बादल्या भरते आणि नळावरचं माझं नाव वाचते. ते लॅमिनेशन नखानं निघत नाही.

दुसरं पत्रक मी लिहिलंय, ते हेच. तुमच्याकडं एक मागते. उद्या सकाळी आपल्या विद्यापीठात, कॉलेजात, कचेरीत एक फेरी मारा. जिथं पाणी जातं आणि मीटर नाही, तिथं एका कागदावर 'इथं मीटर नाही' एवढंच लिहा, खाली आपलं नाव घाला आणि चिकटवा. आमच्या आवारात असाल तर अतिथिगृहासमोर या. पहिला कागद माझ्या नावाचा असेल. दुसरा तुमचा हवा आहे. आबा यायला दहा दिवस उरलेत.